योजना गुंडाळली, पण कष्टकऱ्यांच्या पैशाचे काय?

केंद्र सरकारने सहा महिन्यांच्या अंतराने दोन बचत योजनांचे दार लावले. पहिली राष्ट्रीय बचत योजना. 29 ऑगस्ट 2024 च्या अधिसूचनेने तिच्या जुन्या खात्यांवरचे व्याज 1 ऑक्टोबर 2024 पासून पूर्ण थांबवण्यात आले. दुसरी महिला सन्मान बचतपत्र योजना. 31 मार्च 2025 रोजी तिची मुदत संपली आणि सरकारने ती वाढवली नाही. पहिल्या योजनेच्या शेवटाची चर्चा संसदेच्या अर्थसंकल्पी भाषणापर्यंत पोहोचली. दुसरीच्या शेवटाची दखल यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या वस्तीत, तांड्यावर किंवा कोलामांच्या पोडावर घेतली गेली असेल तर ती एवढीच, की पोस्टात गेलेल्या बाईला खिडकीवरून सांगण्यात आले, 'ती योजना बंद झाली.'

सरकारी योजना बंद होणे हा काही गुन्हा नाही. काळ बदलतो, गरजा बदलतात, एखादी योजना निरुपयोगी होते. तिच्यावर जनतेचा पैसा खर्च करत राहणे शहाणपणाचे नसते. फुले-शाहू-आंबेडकरी विचार मानणाऱ्यांना जुने ते सोने म्हणण्याची सवय नाही. परंतु एखादी योजना 'कालबाह्य' झाली हे ठरवतो कोण? आणि ती बंद करताना कोणाच्या पैशाला जपले जाते? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधली की या देशाचा आर्थिक कारभार कोणाकडे तोंड करून चालतो ते स्पष्ट दिसते.

बत्तीस वर्षांचे व्याज

आधी राष्ट्रीय बचत योजना समजून घेऊ. ही योजना 1987 मध्ये सुरू झाली. प्राप्तिकर कायद्याच्या कलम 80 सीसीए खाली तिच्यात भरलेली रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होत असे. म्हणजे ज्याला प्राप्तिकर भरावा लागत होता त्याच्यासाठीच ही योजना होती. 1987 साली यवतमाळ जिल्ह्यात प्राप्तिकर कोण भरत होते? कापसाचे व्यापारी, जिनिंग-प्रेसिंगचे मालक, वकील, डॉक्टर, वरच्या हुद्द्यावरचे अधिकारी. सालगड्याचा, कापूस वेचणाऱ्या बाईचा या योजनेशी काडीचाही संबंध नव्हता. हां, बाबासाहेबांच्या पुण्याईने आणि राखीव जागांच्या हक्काने नोकरीत आलेली आमची पहिली पिढी, त्यातले काही शिक्षक, कारकून, बँकेतले कर्मचारी या योजनेपर्यंत पोहोचले होते. त्यांच्याविषयी पुढे बोलू.

या योजनेत नवे पैसे घेणे 1992 मध्ये बंद झाले. तिच्या जागी आलेली 1992 ची योजनाही 2002 मध्ये बंद झाली. पण पैसे घेणे थांबले तरी व्याज थांबले नाही. 1987 च्या खात्यांवर सरकार पुढे बत्तीस वर्षे व्याज देत राहिले आणि 2003 पासून अखेरपर्यंत हा दर साडेसात टक्के होता. ज्या काळात साध्या बचत खात्याला साडेतीन-चार टक्के मिळत होते, त्या काळात एका बंद पडलेल्या योजनेला साडेसात टक्के मिळत राहिले. ही योजना कालबाह्य झाली होती यात शंका नाही. तिचे व्याज थांबवले म्हणून आम्ही गळा काढणार नाही.

पण पुढे काय झाले ते पाहा. या खात्यातून पैसे काढले की ती रक्कम करपात्र ठरत असे. व्याज थांबल्यामुळे पैसे काढावे तर कर लागणार, न काढावे तर पैसा नुसता पडून राहणार, अशी खातेदारांची अडचण झाली. त्यांनी तक्रार केली. सरकारने ती ऐकली. 1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी घोषणा केली, की 29 ऑगस्ट 2024 नंतर व्यक्तींनी या खात्यांतून काढलेल्या रकमेवर कर लागणार नाही. त्यासाठी प्राप्तिकर कायद्यात दुरुस्ती झाली. म्हणजे पैसे भरताना करसवलत मिळाली आणि काढतानाही करमाफी मिळाली.

हा निर्णय वृद्ध खातेदारांच्या सोयीचा होता आणि आमचा त्याला विरोध नाही. आमचे म्हणणे एवढेच, की योजना संपवताना खातेदाराची अडचण समजून घेणे, त्यासाठी कायदा बदलणे, संसदेत त्याचा उल्लेख करणे हे सारे सरकारला जमते. इच्छा असली की जमते.

महिलांच्या योजना अल्पायुषी का?

आता दुसरी योजना पाहू. महिला सन्मान बचतपत्राची घोषणा 2023 च्या अर्थसंकल्पात झाली आणि 1 एप्रिल 2023 पासून ती सुरू झाली. किमान एक हजार, कमाल दोन लाख रुपये, मुदत दोन वर्षे, व्याज साडेसात टक्के, दर तीन महिन्यांनी चक्रवाढ. एक वर्षानंतर शिलकीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत रक्कम काढण्याची सोय. दहा हजार रुपये ठेवले तर दोन वर्षांनी सुमारे 11,602 रुपये हाती येणार. तेच दहा हजार पोस्टाच्या चार टक्क्यांच्या साध्या बचत खात्यात राहिले तर दोन वर्षांनी 10,816 रुपये होतात. जवळपास आठशे रुपयांचा फरक. एखाद्या अर्थतज्ज्ञाला ही रक्कम किरकोळ वाटेल. जिच्या घरी जूनमध्ये लेकराची वह्या-पुस्तके आणि भरावाचे धान्य एकाच वेळी विकत आणावे लागते, तिला विचारा आठशे रुपये म्हणजे काय.

ही योजना सुरू असतानाच 28 फेब्रुवारी 2024 रोजी पंतप्रधान यवतमाळला आले होते. महिला बचत गटांचा मोठा मेळावा झाला. राज्यातील साडेपाच लाख बचत गटांसाठी 825 कोटी रुपयांचा फिरता निधी त्या व्यासपीठावरून वितरित झाला. त्याआधी फेब्रुवारी 2019 मध्ये पांढरकवड्यालाही बचत गटांच्या महिलांचा असाच मेळावा पंतप्रधानांच्या उपस्थितीत झाला होता. यवतमाळची बाई बचत करते, तिच्या बचतीत ताकद आहे, हे दिल्लीला ठाऊक आहे याचे हे दोन पुरावे. मग त्या मेळाव्याला तेरा महिने होतात न होतात तोच महिलांच्याच नावाने काढलेली बचत योजना गुपचूप संपते, हे कसे?

हे पहिल्यांदा घडलेले नाही. 2 ऑक्टोबर 1993 रोजी महिला समृद्धी योजना वाजतगाजत सुरू झाली होती. ग्रामीण बाईने पोस्टात वर्षाला तीनशे रुपयांपर्यंत ठेवायचे आणि वर्ष पूर्ण झाले की सरकारने त्यात पंचवीस टक्के, म्हणजे पंचाहत्तर रुपयांपर्यंत भर घालायची, अशी ती योजना होती. ज्या बाईचे नाव घराच्या, शेताच्या, कशाच्याच कागदावर नव्हते तिच्या नावाने पासबुक निघाले ही त्या योजनेची मोठी कमाई. 1997 मध्ये तिची नवी खाती उघडणे थांबले.

आता हिशेब मांडा. करदात्यांची योजना बंद झाल्यावरही बत्तीस वर्षे व्याज मिळवत राहिली. गरीब महिलांची एक योजना साडेतीन वर्षांत थांबली, दुसरी दोन वर्षांत संपली. दोन वर्षांत योजना कालबाह्य होते काय? खेड्यातल्या बाईला योजनेची बातमी पोहोचायला वर्ष लागते, कागद जमवायला सहा महिने लागतात आणि विश्वास बसायला उरलेले सहा महिने. विश्वास बसला की योजना संपते.

2011 मधला किसान विकास पत्राचा किस्साही विसरण्यासारखा नाही. 1988 पासून चालत आलेले हे पत्र श्यामला गोपीनाथ समितीच्या शिफारशीनंतर 2011 अखेर बंद करण्यात आले. काळ्या पैशाला त्यातून वाट मिळते, असे कारण दिले गेले. तीन वर्षांनी, नोव्हेंबर 2014 मध्ये, तेच पत्र पुन्हा सुरू झाले. 2011 साली जे टाकाऊ होते ते 2014 साली उपयोगी कसे ठरले? मधल्या काळात बदलले ते दिल्लीतले सरकार. खेड्यातल्या माणसाची गरज जशीच्या तशी होती.

दुसरे पर्याय आहेतच की!

यावर सरकारी बाजूचे लोक म्हणतील, पोस्टात दुसऱ्या योजना आहेत. आर.डी. आहे, मुदत ठेव आहे, राष्ट्रीय बचतपत्र आहे, मुलींसाठी सुकन्या समृद्धी आहे. मान्य. 2025 साली दोन वर्षांच्या मुदत ठेवीला सात टक्के आणि पाच वर्षांच्या बचतपत्राला 7.7 टक्के दर होता. पण पाच वर्षे पैसा अडकवून ठेवणे कोणाला परवडते? ज्याच्या हाती दरमहा पगार पडतो त्याला. जिचे घर हंगामावर चालते तिला दोन वर्षांची मुदत आणि मध्येच थोडी रक्कम काढण्याची मुभा हवी असते. महिला सन्मान बचतपत्रात ती होती.

आम्ही त्या योजनेची आरती ओवाळत नाही. तीही आमच्या आयाबहिणींच्या अंगाला माप घेऊन शिवलेली नव्हती. एकरकमी हजार रुपये आणि दोन खात्यांमध्ये तीन महिन्यांचे अंतर, ही रचना घरात शिल्लक असणाऱ्यांच्या सोयीची. यवतमाळ जिल्ह्यात दसऱ्यापासून कापसाची वेचणी सुरू होते. संक्रांतीच्या पुढेमागेपर्यंत वेचणाऱ्या बाईच्या हाती किलोच्या हिशेबाने रोख मजुरी येते. तिच्या वर्षातले पैसे जमवता येतील असे हेच चार महिने. नंतर उन्हाळा कोरडा, आणि जून ते पोळा हा काळ सर्वांत ओढीचा. शाळा उघडते, छप्पर गळते, ताप-हगवण येते आणि हाताला काम पुरत नाही. शंभर-दोनशेच्या भरण्याने हंगामात जमा करावे आणि जूननंतर लागेल तसे काढावे, तरी त्यावर बरे व्याज मिळावे, अशी योजना दिल्लीत कोणी आखली नाही. कारण वेचणीचे वेळापत्रक दिल्लीच्या दप्तरात नाही.

पोस्टाचे दार अरुंद झाले की हा पैसा कुठे जातो? थोडा भिशीत जातो, थोडा पतसंस्थेत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तेही नाही. आणि बँकेचे नाव असले म्हणून सारे निर्धास्त असते असेही नाही. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2022 मध्ये रद्द केला हे जिल्ह्याला माहीत आहे. सरकारची हमी असलेली पोस्टातली ठेव म्हणूनच गरिबाला हवी असते. चार आणे कमी मिळाले तरी चालतील, मुद्दल बुडता कामा नये, हा त्याचा साधा हिशेब.

दुसरीकडे खासगी मायक्रोफायनान्स कंपन्यांचे वसुलीवाले दर आठवड्याला वस्तीत येतात. कर्ज द्यायला दारापर्यंत माणूस येतो. बचत घ्यायला मात्र बाईने मजुरी बुडवून पोस्टापर्यंत जायचे. एकेकाळी महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंटबाया घरोघरी फिरून आर.डी.चे हप्ते गोळा करत. ती व्यवस्था अजून आहे. पण ती प्रामुख्याने शहरात आणि पगारदारांच्या कॉलन्यांत फिरते. पोडावर कोण जाणार? खाउजा धोरणाची ही खरी किमया आहे. गरिबाच्या दारात कर्ज आणून ठेवायचे आणि बचतीचे दार त्याच्यापासून लांब न्यायचे.

विसरलेला पैसा कोणाचा?

योजना संपली तरी पैसा संपत नाही. तो कुठेतरी पडून असतो. इथे तर आमच्या वाचकांनी कान टवकारायला हवेत.

2015 च्या वित्त कायद्याने ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी स्थापन झाला. अल्पबचतीची जी खाती निष्क्रिय ठरतात आणि त्यानंतर सात वर्षे कोणी त्यावर हक्क सांगत नाही, त्यातली रक्कम या निधीत वर्ग होते. पंचवीस वर्षांपर्यंत खरा मालक किंवा वारस ती मागू शकतो. त्यानंतर ती केंद्र सरकारची होते. 15 जुलै 2025 रोजी टपाल खात्याने आणखी एक आदेश काढला. आर.डी., मुदत ठेव, मासिक प्राप्ती, किसान विकास पत्र, राष्ट्रीय बचतपत्र, पीपीएफ यांसारखे जे खाते मुदत संपून तीन वर्षे झाली तरी बंद केले नाही किंवा वाढवले नाही, ते गोठवायचे. ही मोहीम वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत. गोठलेले खाते मोकळे करायचे तर पासबुक, आधार, पॅन, मोबाइल क्रमांक, बँक खात्याचा तपशील आणि अर्ज घेऊन पोस्टात जावे लागते.

खातेदाराच्या पैशाची अफरातफर होऊ नये असा यामागचा हेतू सांगितला जातो. हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण नियमाचा फटका कोणाला बसतो? ज्याच्याकडे कागद आहेत त्याला दोन फेऱ्या पडतील. ज्या बाईचे नाव पासबुकावर माहेरचे आणि आधारवर सासरचे आहे, जिचे पासबुक घराच्या गळतीत भिजले, जिच्या नवऱ्याने आत्महत्या केली आणि त्याच्या नावाचे पत्र कुठे ठेवले हे तिला ठाऊक नाही, तिला किती फेऱ्या पडतील? यवतमाळ जिल्ह्यात अशा विधवा किती आहेत हे आम्ही सांगायला नको. कर्ज किती होते हे सावकाराने आणि बँकेने तिला दुसऱ्याच दिवशी सांगितलेले असते. पोस्टात किती शिल्लक होती हे तिला कोणी सांगायला गेले होते काय?

राष्ट्रीय बचत योजनेच्या खातेदारांसाठी कायदा बदलला गेला. मग या बाईसाठी एक डाकसेवक यादी घेऊन तिच्या दारापर्यंत का येऊ शकत नाही? पत्र पोहोचवायला तो येतोच की!

सरकारने कापलेल्या पैशाचा अनुभव या जिल्ह्याला जुना आहे. 1972 मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत शेतकऱ्याच्या कापसाच्या किमतीतून तीन टक्के रक्कम भांडवल उभारणी निधीसाठी कापली जात होती. ती सक्तीची बचतच होती. ती एकाधिकार योजना पुढे इतिहासजमा झाली. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला निदान आपल्या कपातीचा हिशेब मागता येत होता. ज्या मजूर बाईने तो कापूस वेचला तिचा पैसा ना कापला गेला, ना तिला काही मागता आले. ती कोणत्याच वहीत नव्हती. आज तिच्या नावाचे पासबुक आहे. ते हातचे जाऊ नये हा खरा प्रश्न आहे.

जिल्ह्याची बचत जाते कुठे?

आणखी एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. यवतमाळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात बचत भवन आहे. तिथे आज आढावा बैठका होतात. ज्या काळात हे नाव पडले त्या काळात शिक्षकांना, तलाठ्यांना अल्पबचतीची उद्दिष्टे दिली जात. कारण सरळ होते. जिल्ह्यातून गोळा झालेल्या अल्पबचतीचा मोठा वाटा राज्य सरकारला कर्जरूपाने मिळत असे. 1999 मध्ये राष्ट्रीय अल्पबचत निधी स्थापन झाला, त्यानंतरही ही पद्धत चालू राहिली. काही वर्षे तर राज्यात जमा झालेली सर्व निव्वळ रक्कम राज्याकडे येत होती. पण कर्जाचे व्याज जड होते. साडेनऊ टक्क्यांच्या या कर्जापेक्षा बाजारातले कर्ज स्वस्त पडू लागले. चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर 1 एप्रिल 2016 पासून अरुणाचल, दिल्ली, केरळ आणि मध्य प्रदेश वगळता बाकीची राज्ये या व्यवस्थेतून बाहेर पडली. महाराष्ट्रही बाहेर पडला.

परिणाम काय? उमरखेड, पुसद, वणी, घाटंजी, झरी-जामणीच्या पोस्टात जमा होणारा पैसा आता केंद्राच्या हाती जातो. जुन्या कर्जाचे हप्ते मात्र राज्य अजून फेडत आहे. आणि राज्याला या पैशात रस उरला नाही म्हणून बचतीची मोहीमही संपली. उद्दिष्ट गेले, पाठपुरावा गेला, भिंतीवरच्या घोषणा पुसल्या गेल्या. राहिले ते फक्त भवनाचे नाव.

बाबासाहेबांनी 1925 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील प्रबंधात केंद्र आणि प्रांत यांच्यातील पैशाच्या वाटणीची चिकित्सा केली. 1947 च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात ते आणखी पुढे गेले. विमा हा राज्याच्याच मालकीचा व्यवसाय असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा असावा, अशी त्यांची मांडणी होती. त्यांनी दोन कारणे दिली. माणसाला सुरक्षितता मिळेल आणि राज्याला आर्थिक नियोजनासाठी पैसा मिळेल. नाहीतर त्याला चढ्या व्याजाने बाजारातून कर्ज उचलावे लागेल. सामान्य माणसाची छोटी बचत हा राष्ट्राच्या उभारणीचा पाया आहे आणि तिची हमी राज्याने घेतली पाहिजे, हा त्या मांडणीचा गाभा. आजचे सरकार नेमके उलट्या दिशेने चालले आहे. बचतीचे व्याज दर तीन महिन्यांनी बदलायचे धोरण 2016 पासून आले. 31 मार्च 2021 च्या रात्री तर सर्वच दर एकदम खाली आणणारा आदेश निघाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो नजरचुकीने निघाला असे सांगून मागे घेण्यात आला. तेव्हा काही राज्यांत निवडणुका चालू होत्या. कोट्यवधी कष्टकऱ्यांच्या व्याजाचा निर्णय ज्या सरकारमध्ये नजरचुकीने होऊ शकतो, त्या सरकारच्या नजरेत कष्टकरी कुठे आहे?

मागणी आणि आपली जबाबदारी

बंद झालेल्या योजना जशाच्या तशा परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक शाखा डाकघराने आपल्या हद्दीतल्या मुदत संपलेल्या आणि निष्क्रिय खात्यांच्या खातेदारांना डाकसेवकामार्फत घरी जाऊन लेखी कळवावे. फक्त संकेतस्थळावर यादी लावून जबाबदारी संपवू नये. नावातल्या किरकोळ फरकासाठी बाईला तालुक्याच्या फेऱ्या घालायला लावू नयेत. ग्रामसेवकाचा दाखला ग्राह्य धरावा. शेतमजूर महिलांसाठी हंगामाला धरून छोट्या भरण्याची, हमीच्या दराची आणि कायमस्वरूपी बचत योजना असावी. आणि कोणतीही बचत योजना बंद करण्याआधी किमान एक वर्ष गावोगावी सूचना द्यावी. करदात्याला जो मान मिळाला तोच मजुराला मिळावा, यापेक्षा जास्त काही आम्ही मागत नाही.

मात्र मागण्या करून हात झटकून चालणार नाही. यातले अर्धे काम आपल्या हातात आहे. आपल्या वस्तीत बुद्धविहार आहे. तिथे वाचता-लिहिता येणारी पोरे-पोरी आहेत, निवृत्त शिक्षक आणि टपाल खात्यातून निवृत्त झालेले कर्मचारी आहेत. महिन्यातला एक रविवार पासबुक तपासणीसाठी ठेवा. प्रत्येक घरातल्या पेटीतली, फडताळातली, फोटोमागे खोचलेली पासबुके आणि पत्रे बाहेर काढा. कोणाची मुदत कधी संपली, वारसाचे नाव लागले आहे का, आधार जोडले आहे का, ते एका वहीत लिहा. ज्यांच्या घरी 1987 किंवा 1992 च्या राष्ट्रीय बचत योजनेचे खाते असेल त्यांनी ते तातडीने मोकळे करावे. त्यावर आता व्याज नाही आणि काढलेल्या रकमेवर करही नाही. नोकरीत गेलेल्या आमच्या पहिल्या पिढीतले अनेक जण आज हयात नाहीत. त्यांच्या मुलांनी जुने कागद एकदा नीट पाहावेत. महिला सन्मान बचतपत्राच्या शेवटच्या खात्यांची मुदत मार्च 2027 मध्ये पूर्ण होते. त्या पासबुकावर तारीख ठळक लिहून ठेवा. त्यानंतर साडेसात टक्के मिळणार नाहीत.

हे काम लहान दिसते. त्यासाठी मंडप लागत नाही, ध्वनिक्षेपक लागत नाही, वर्तमानपत्रात फोटो येत नाही. पण एखाद्या विधवा भगिनीला तिच्या नवऱ्याच्या नावाचे विसरलेले पंधरा हजार रुपये मिळाले, तर त्या घराचा एक उन्हाळा सावकाराशिवाय निघेल. बाबासाहेबांनी आम्हाला मताचा अधिकार दिला, तसा हिशेब मागण्याचा अधिकारही दिला. योजना कोणाच्या मर्जीने सुरू होतात आणि संपतात हे आज आपल्या हातात नसेल. आपल्या घामाचा पैसा दुसऱ्याच्या निधीत मुकाट्याने जमा होऊ द्यायचा की नाही, हे मात्र आपणच ठरवायचे आहे. येत्या रविवारपासून विहारात वही उघडा.